'लेसर'ला त्याचं काम करू द्या

बडोद्यातल्या आपल्या मराठी मंडळींच्या इंग्रजीत हल्ली एक 'लेसर' घुसलाय. किरणांचा नव्हे, त्याच्या पाट्या दवाखान्यांवर आहेतच. मी म्हणतोय तो तुलनेचा. 'लेसर मार्क्स', 'लेसर ट्रॅफिक'. परवा सोसायटीच्या ग्रुपवर पाणीसुद्धा 'लेसर दॅन यस्टरडे' आलं!

मुळात 'लेस' हेच तुलनेचं रूप. त्याला वर आणखी 'अर' जोडून लेसर झाला. इंग्रजी कोशकार डॉ. जॉन्सननं १७५५ च्या कोशात त्याला रानटी अपभ्रंश म्हणून झोडपलं. 'वर्स'चा (आणखी वाईट) 'वर्सर'ही असाच घडलेला, पण तो प्रमाण इंग्रजीतून हाकलला गेला. लेसर टिकला, कारण त्याला वेगळं काम मिळालं. किती ते तो सांगत नाही. दोघांत धाकटं कोण, कमी महत्त्वाचं कोण, ते सांगतो. नामाच्या आधी बसतो आणि मागे 'दॅन' घेत नाही.

'लेसर ऑफ टू ईव्हल्स' म्हणजे आपलं दगडापेक्षा वीट मऊ. पण दर वेळी त्यात कमीपणा असतोच असं नाही. गुजरातचा राज्यपक्षी ग्रेटर फ्लेमिंगो, मोठा रोहित. त्याचा भाऊबंद लेसर फ्लेमिंगो अंगानं लहान, पण गुलाबी रंगात थोरल्याला मागे टाकतो.

आपण का घसरतो? माझ्या मते कान फसवतो. शॉर्टर, चीपर, फास्टर ऐकून ऐकून नुसतं 'लेस' अर्धवट वाटतं. शिवाय मराठीत 'पेक्षा' आणि गुजरातीत 'करतां' सगळा भार उचलतात, विशेषण जागचं हलत नाही. त्यामुळे 'लेस'मध्ये तुलना आधीच मुरलेली आहे हे ध्यानात येत नाही.

आणि संस्कृतचा दाखला देऊन हसणाऱ्यांनी जरा थांबावं. 'श्रेष्ठ' म्हणजेच सर्वांत उत्तम, तरी यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात 'श्रेष्ठतमाय कर्मणे' आहे. दुहेरी तुलनेचा मोह जुनाच.

'फ्यूअर' की 'लेस' या भांडणात मात्र मी पडत नाही. मोजता येणाऱ्या गोष्टींना फ्यूअर बरं, ही इंग्रजी भाषेवर लिहिणाऱ्या रॉबर्ट बेकरची १७७० मधली पसंती. नियम ती पुढे झाली. 'लेस मार्क्स' म्हणा, माझी हरकत नाही. फक्त पुढे 'दॅन' यायचा असेल, तर लेसरची शेपटी कापा.