पिंपाचं पोट

जुलैमध्ये बायको म्हणाली, "अहो, यंदा दसऱ्याला झेंडू घरचाच." दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी झेंडूवाले जो भाव सांगतात, तो आठवून मीही लगेच मान हलवली. जुन्या बाजारातून 200 लिटरची दोन निळी पिंपं आणली, मधोमध कापून घेतली, बुडाला भोकं पाडली आणि गच्चीवर चार अर्धी पिंपं ओळीनं मांडली. रिकामं पिंप फार देखणं दिसतं. आपल्याला भरायला किती लागेल, याबद्दल मात्र ते चकार शब्द काढत नाही.

नर्सरीत मी रुबाबात चार पोती लाल माती मागितली. पिंपं चार, पोती चार. लिफ्ट नसलेल्या इमारतीचे तीन मजले आणि वर गच्चीचा जिना, असं एकेक पोतं खांद्यावरून चढवलं. एक पोतं पिंपात ओतलं तर बुडाशी लाल मातीची भाकरी थापल्यासारखं दिसलं. मग दुसरं ओतलं. मग तिसरं. चारही पोती त्या एकाच पिंपात गेली आणि तरी माती काठाच्या चार बोटं खालीच! वृत्तचितीचं घनफळ शिकवताना "याचा आयुष्यात उपयोग काय?" असं विचारून मी शाळेत अंगठे धरून उभा राहिलो होतो. उत्तर असं कमरेतूनच यायचं होतं.

एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर काका वर आले. "ओली माती लिटरला दीड किलो तरी भरते. चारशे लिटर म्हणजे सहाशे किलो. गच्ची साधारण चौरस मीटरला दीडशे किलो धरून बांधतात," ते शांतपणे म्हणाले, "आणि हे पिंप माझ्या देवघराच्या बरोब्बर वर आहे." पिंपं कडेला, तुळईच्या रेषेत सरकवायची आणि माती कमी करून काहीतरी हलकं घालायचं, असं ठरलं. भरलेलं पिंप सरकत नाही. म्हणजे ते आधी रिकामं करावं लागतं. पुढे लिहीत नाही.

हलकं म्हणून कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या दाबलेल्या भुशाची, 5 किलोची वीट आणली. 25 लिटर पाण्यात भिजवा, असं तिच्यावर लिहिलं होतं. मी ती न्हाणीघरात बादलीत उभी केली, पाणी सोडलं आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तर वीट उतू चालली होती! बादलीतून पाटावर, पाटावरून मोरीकडे, तपकिरी भुसा नुसता फुगत होता. साठ-सत्तर लिटर तरी झाला असेल. त्यातला बराचसा मी घमेल्यानं वर नेला, थोडा मोरीच्या जाळीत गेला, आणि बायको जे बोलली ते सगळं मला गेलं.

तरी पिंपं अर्धीसुद्धा भरली नाहीत. कोणीतरी उसाची चिपाडं सुचवली. पावसाळ्यात रसवंतीवाला मोकळाच बसला होता. दोन पोती फुकट दिली आणि आपुलकीनं विचारलं, "गाय कधी घेतली?" चिपाडांचा थर, पालापाचोळा, शेणखत, माती असं सगळं रचत काठापर्यंत आणलं आणि वर निंबोळी पेंड भुरभुरली. चिपाडं गोड असतात, हे लक्षात यायला दोन दिवस लागले. मुंग्यांची रांग गच्चीवरून निघून काकांच्या देवघरातल्या खडीसाखरेपर्यंत पोहोचली होती. बहुधा तुळईच्याच रेषेत.

मग आठवडाभर पाऊस लागला. उघडीप झाल्यावर वर गेलो तर चारही पिंपं काठापासून वीतभर खाली! माती बसली होती. तिच्याशेजारी मीही बसलो.

सोसायटीचे माळीबुवा आले, पिंपात डोकावले, हात घालून माती चाचपली. "लई झ्याक माती केलीय साहेब. काय, आंबा लावताय?"

"झेंडू."

ते जरा वेळ गप्प राहिले. "झेंडूला वीतभर माती बक्कळ. तेलाच्या डब्यात पण येतोय की."

रोपं लावली. झेंडू आला, आणि चांगला टपोरा आला. पहिलं तोरण अर्थातच काकांच्या देवघराला गेलं. उरलेली फुलं बायकोनं ओवायला घेतली. दारं दोन, तोरणं दोन, हा हिशेब मी आधीच करून ठेवला होता. पहिलंच तोरण दाराच्या अर्ध्यावर संपलं. मी मुकाट्यानं पिशवी घेतली आणि झेंडूवाल्याला भाव विचारायला निघालो.