खुलासा: चूचू जेलीचं वर्णन ही नुसती गंमत नाही

‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या गटांत एक मेसेज फिरतोय: ‘साहित्याखालची वर्णनं टाइमपास आहेत, वाचू नका. राक्षसाचं शिंग कुठल्याही फळाबरोबर शिजवा, औषध तयार!’ दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत आणि नव्या खेळाडूंचं कष्टानं जमवलेलं साहित्य त्यात फुकट जातंय.

बोकोब्लिन नावाच्या राक्षसाचं शिंग आणि सफरचंद भांड्यात टाकून बघा. हाती येतो तो धुरकट दिसणारा, नावापुरता खायचा पदार्थ. औषधासाठी शिंगासोबत बेडूक, फुलपाखरू, सरडा असा एखादा छोटा जीव लागतो, आणि हे शिंगाच्या वर्णनातच लिहिलेलं आहे.

चूचू नावाच्या राक्षसापासून मिळणाऱ्या जेलीचं वर्णन तर मला फार आवडतं. आहे तशी निरुपयोगी, पण जरा डिवचली की रूप बदलते, असा त्याचा सूर. वाचायला मजेशीर, पण ती सरळसरळ सूचना आहे! निळी जेली जमिनीवर ठेवून तिच्यावर आगीचा बाण मारा, लाल होते. बर्फाच्या बाणानं पांढरी, विजेच्या बाणानं पिवळी. अमुक रंगाची जेली हवी म्हणून रानोमाळ भटकायची गरज उरत नाही.

बोकोब्लिनची शिंगं सरसकट विकूही नका. खेळातल्या ‘हायलियन’ पोशाखाच्या पहिल्या सुधारणेला प्रत्येक कपड्यामागे ५ लागतात.

हे सगळं खेळातच पडताळता येतं. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच गटात ही दुरुस्ती टाका.