मिकीला हुबेहूब काढण्याचा गुन्हा

मिकी माउसचं विडंबन काढणाऱ्या 'एअर पायरेट्स' या कॉमिक्स-चित्रकारांच्या टोळक्याची गोष्ट नेहमी 'बिचारे चित्रकार विरुद्ध राक्षसी डिस्ने' अशी रंगवली जाते. बिचारे कसले! त्यांचा म्होरक्या डॅन ओनील याने हे भांडण स्वतःहून अंगावर ओढवून घेतलं होतं.

१९७१, सॅन फ्रान्सिस्को. अमेरिकेतल्या मोठ्या कॉमिक्स कंपन्या १९५४च्या कॉमिक्स कोडमुळे, म्हणजे त्यांनी स्वतःच घालून घेतलेल्या नियमावलीमुळे, सोवळ्यात होत्या. सेक्स, ड्रग्ज, व्हिएतनाम, सगळं अंडरग्राउंडवाल्यांच्या, म्हणजे या कंपन्यांबाहेरच्या बंडखोर चित्रकारांच्या, वाट्याला आलं. ते स्वतः छापायचे आणि हिप्पींच्या दुकानांतून विकायचे. त्यातला बराचसा माल आज वाचवत नाही, बायकांच्या बाबतीत तर फारच. ट्रीना रॉबिन्स वगैरे चित्रकार बायकांनी वैतागून आपली वेगळी कॉमिक्स काढली ती उगाच नाही.

ओनील आणि मंडळींनी 'एअर पायरेट्स फनीज'चे दोन अंक काढले. नावसुद्धा मिकीच्याच १९३०च्या दशकातल्या चित्रपट्टीतल्या खलनायकांचं. आत मिकी-मिनी ड्रग्ज आणि सेक्समध्ये बुडालेले. डिस्नेच्या नजरेतून हे सुटू नये म्हणून ओनीलने एका संचालकाच्या मुलाकरवी अंक थेट बोर्डाच्या बैठकीत पोचवले, असं सांगतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात खटला दाखल झाला.

मला खरा रस आहे तो १९७८च्या अपील कोर्टाच्या निकालात. कोर्टाचं म्हणणं असं, की मिकी इतका प्रसिद्ध आहे की तो आठवायला दोन रेघाही पुरतात. तुम्ही गरजेपेक्षा फार जास्त उचललंत. उत्तम विडंबनासाठी लागेल तेवढं घ्यायची मुभा नाही. कायद्याचं मला फारसं कळत नाही, पण चित्रांचं थोडं कळतं, आणि इथे मी ओनीलच्या बाजूने आहे. मिकीसारखा दिसणारा कुणीतरी उंदीर गांजा ओढतोय यात गंमत काय? तो साक्षात मिकी असला, तोच गोलमटोल कान, तेच हातमोजे, तर ते निरागसपण विकणाऱ्या कंपनीला झोंबतं. नक्कल कच्ची असली की टीका बोथट होते.

१९७९मध्ये सुप्रीम कोर्टानेही दार लावलं. डोक्यावर १,९०,००० डॉलरची भरपाई, आणि खिशात दमडी नाही. यावर ओनीलने काय करावं? 'माउस लिबरेशन फ्रंट' नावाची आघाडी काढली आणि कोर्टाची बंदी धाब्यावर बसवून मिकी-मिनीची नवी चार पानं छापली! शेवटी १९८०मध्ये डिस्नेनेच तडजोड केली: पुन्हा आमची पात्रं काढू नका, आम्ही पैसे मागत नाही. मला तरी हा ओनीलचाच विजय वाटतो. डिस्नेचे वकील अर्थातच वेगळं सांगतील.

१ जानेवारी २०२४ला अमेरिकेत 'स्टीमबोट विली' या १९२८च्या कार्टूनमधल्या मिकीचा कॉपीराइट संपला. आता कुणीही त्याला हुबेहूब काढावं. आणि लोकांनी काय केलं? मिकीचा मुखवटा घातलेल्या खुन्यांचे स्वस्तातले भयपट. एक मी अर्ध्यावर बंद केला.