सवय असते की तुम्हाला!

आज सकाळी खडकीतल्या एका जवानाच्या बायकोसोबत तिच्या मुलीच्या प्रवेशासाठी शाळेत गेले होते. शाळेचं नाव घेत नाही, कारण हे एकाच शाळेचं नाही. मुलगी आठ वर्षांची, तिसरीतली. धाकटा कडेवर. तीन वर्षं आसामला काढून कुटुंब नुकतंच पुण्यात आलंय आणि नवरा तिकडूनच फील्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा पोस्टिंगला, गेलाय.

ऑफिसातल्या बाईंनी मराठीचं पुस्तक पुढे सरकवलं. मुलीने शब्दाखाली बोट ठेवून वाचलं, "फला". पुढचा शब्द, "बाल". बाई हसल्या. "साताऱ्याचे ना तुम्ही? घरी मराठी बोलत नाही वाटतं." मग फॉर्म चाळत, "मध्येच कशा काय आलात? असो, सवय असते की तुम्हाला!"

तेव्हापासून डोकं तापलंय.

अहो, घरी मराठीच बोलतात. तीच पोरगी बाहेर येऊन आईला म्हणाली, "मला ही शाळा नको." ळ कसा खणखणीत! पण तीन वर्षं तिने वर्गात हिंदी वाचलं, आणि हिंदीच्या पुस्तकात ळ भेटतच नाही. तिच्या जिभेला ळ येतो, डोळ्यांना ओळखू येत नाही. पंधरा दिवसांचं काम आहे. त्यासाठी आठ वर्षांच्या मुलीला सगळ्यांसमोर हसायचं?

आणि ही "सवय" कोण लावतं, ते ऐका.

पोस्टिंगची ऑर्डर आली की काळ्या पेट्या निघतात. प्रत्येक पेटीवर नंबर घालायचा, यादी झाकणाच्या आतून चिकटवायची आणि तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवायचा. एक नंबरची पेटी सगळ्यात शेवटी भरायची आणि ट्रकमधून सगळ्यात आधी उतरवायची. तिच्यात तीन लिटरचा कुकर, त्याची जादा रिंग, तवा, माणशी एक ताट, दोन बल्ब, एक्स्टेन्शन बोर्ड, पाना, स्क्रू-ड्रायव्हर, मच्छरदाणी आणि सुतळी. लहान मुलाचं पांघरूण मात्र पेटीत नाही, हातातल्या पिशवीत. आणि ते निघण्याआधी धुऊ नका! नव्या घरात काहीच ओळखीचं नसतं, तेव्हा त्या पांघरुणाचा वास तेवढा ओळखीचा असतो. स्वच्छ धुऊन, घडी घालून सात नंबरच्या पेटीत टाकणाऱ्या बायका मी पाहिल्यात. मग तीन रात्री घरात कोणी झोपत नाही.

गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करून टीव्ही, म्हणजे टर्मिनेशन व्हाउचर, घ्यायचं. ते हरवलं की नव्या गावात कनेक्शनसाठी फेऱ्या. शेगडी आपलीच असते, पण नळीवरची तारीख बघा, पाच वर्षं झाली असतील तर टाकून द्या. क्वार्टर ताब्यात घेताना, मार्च-इनच्या वेळीच, फुटकी काच, गळका नळ, तुटका होल्डर सगळं कागदावर लिहून घ्या. नाहीतर सोडताना पैसे तुमच्याकडून जातात.

कागदांची फाइल पेटीत टाकायची नाही, ती जिवाजवळ. मुलाचा जन्म युनिटमध्ये पार्ट टू ऑर्डरवर, म्हणजे जवानाच्या घरच्या नोंदी होतात त्या लष्करी कागदावर, चढलेला हवा. तो चढला नाही तर रेकॉर्डला मूलच नाही, मग डिपेंडंट कार्ड, म्हणजे कुटुंबाचं ओळखपत्र, नाही आणि एमएचच्या, म्हणजे लष्करी हॉस्पिटलच्या, खिडकीवर वाद. इथे बहुतेक वेळा स्पेलिंग नडतं. बाळंतपण माहेरी, दाखला ग्रामपंचायतीचा, आधारवर एक स्पेलिंग, ऑर्डरवर दुसरं. नवरा युनिटमध्ये हजर आहे तोवर ते दुरुस्त करून घ्या, फील्डला गेल्यावर एका अक्षरासाठी महिने जातात. पाच वर्षं पूर्ण झाली की आधारला बोटांचे ठसे द्यायचे. लसींचं कार्ड बघा, पाच ते सहा वर्षांमधला डीपीटीचा बूस्टर नेमका बदलीत हुकतो. शाळा सोडतानाच बोनाफाइड मागून घ्या. मुलांचा शिक्षण भत्ता जानेवारी २०२४ पासून महिना २,८१२.५० रुपये आहे, पण वर्षात दोन शाळा झाल्या आणि एकीचा कागद नसला की तो अडकतो.

राहता राहिला शाळा सोडल्याचा दाखला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये लिहिलंय, मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांना हे लागू आहे. केंद्रीय विद्यालयांसारख्या खास शाळा आणि विनाअनुदानित खाजगी शाळा यातून सुटतात, आणि सकाळची शाळा नेमकी तसलीच.

हो, कँटीन आहे, एमएच आहे, क्वार्टर आहे. मान्य. भरलेल्या वर्गात मध्येच एक मूल घेणं शिक्षिकेलाही सोपं नाही, तेही मान्य. पण म्हणून हसायचं नाही.

जवानाला वर्षाला साठ दिवस वार्षिक रजा आणि तीस दिवस कॅज्युअल. उरलेले नऊ महिने बाप म्हणजे फोन. तोही रेंज असेल तर. त्या फोनवर "पप्पांची आठवण येते का?" असं विचारू नका, मूल गप्प होतं. "आज डब्यात काय होतं?" हे विचारा, पोरं भडाभडा बोलतात. रजेची तारीख मुलांना आधी सांगायची नाही. रजा रद्द होते, आणि कॅलेंडरवर फुल्या मारत बसलेल्या पोराला ते समजावणं फार वाईट. गाडीत बसल्याचा फोन आला की मगच सांगा. आणि तो दारात आला की दीड वर्षाचं मूल त्याच्या हातात लगेच कोंबू नका. ते रडतं, बाप ओशाळतो. आधी त्याने जमिनीवर बसावं, भाताचे चार घास भरवावेत. दोन-तीन दिवसांनी मूल आपणहून मांडीवर चढतं.

हे सगळं ती आई एकटीने करत होती, तेव्हा तिला ऐकवलं, सवय असते.

मराठी सक्तीची आहेच. २०२० च्या कायद्याने राज्यात सगळ्या बोर्डांना, आणि हवीच. पण मग शिकवा ना! मी लिहून दिलंय त्या आईला: आधी जोड्या, काल-काळ, वेल-वेळ, गोल-गोळा. ळ लाल पेनाने. रोज दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. ळ बसला की चोर, जागा, झाड, कारण हिंदीच्या सवयीने च, ज, झ चुकतात. मग आकडे, एकोणतीस आणि एकोणचाळीसपाशी ही मुलं हमखास अडतात.

दुपारी त्यांच्या पायरीवर मुलीला घेऊन बसून पहिल्या चार जोड्या केल्या. "काळ" वाचून झाल्यावर तिने माझ्याकडे न बघता स्वतःच वहीत "फळा" लिहिलं. तीनदा.

शाळेने शुक्रवारी परत बोलावलंय, मी जाणार आहे सोबत. पहिली-दुसरीचं बालभारती कोणाकडे पडून असेल तर इनबॉक्स करा. पीडीएफ मिळते, माहितीय, पण मोबाइलवर अक्षराखाली बोट ठेवलं की पान सरकतं. खडकी, बोपोडी, दापोडी कुठेही असाल, संध्याकाळी येऊन घेऊन जाईन.