मालकाकडून उत्तर : त्या 300 रुपयांबद्दल

नमस्कार दादा,

फ्लॅश दुरुस्तीबद्दल तुम्ही आमच्या दुकानाला दिलेला एक स्टारचा रिव्ह्यू पाहिला. ऐन लग्नात फ्लॅशनं दगा दिला, पार्टीसमोर तुम्हाला मान खाली घालावी लागली, त्याचं वाईट वाटलं. तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल माफी असावी. पण "एक पार्ट बदलला नाही, नुसतं बटण दाबून 300 रुपये उपटले" हे वाचून मनाला लागलं. तालुक्यातले सगळे फोटोग्राफर इथंच पाहून दुकानात येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची तक्रार होती, स्टँडवरचा फ्लॅश आपोआप फायर होतो. आमच्या काउंटरवर तो चालू करून ठेवला, संध्याकाळपर्यंत एकदाही पडला नाही. मग आत पोरानं कोणाचा तरी पासपोर्ट फोटो काढायला स्टुडिओची लाइट मारली, अन् दारातून उजेड आला तसा तुमचा फ्लॅश बाहेर फायर! डिस्प्लेवर एस-वन. म्हणजे स्लेव्ह मोड. त्यात समोर कोणाचाही फ्लॅश पडला की हा पण पडणारच, त्याचं कामच ते. आपल्याकडे मुलीकडचा फोटोग्राफर वेगळा, मुलाकडचा वेगळा, वरून एखाद्या मामाचा कॅमेरा. अक्षता पडताना सगळे एकदम मारतात. तुमचा फ्लॅश त्यांच्या क्लिकवर रिकामा होत गेला अन् तुम्ही दाबलं तेव्हा तो चार्ज होत होता. फोटो काळे आले ते त्यामुळे. एस-टू हा दुसरा स्लेव्ह मोड करूनही भागत नाही, ते फक्त टीटीएलचा (म्हणजे उजेड आपोआप मोजायच्या मोडचा) आधीचा बारीक फ्लॅश सोडून देते.

तरी तेवढ्यावर सोडलं नाही. बुडाच्या पिनेभोवती हळद अन् घामाचा थर होता, तो स्पिरिटनं पुसला. मधली पिन कडेच्या पत्र्याशी शॉर्ट झाली तरी फ्लॅश पडतो ना. तुमच्याच बॅगेतला ट्रिगरचा रिसीव्हर लावून एम मोडवर, म्हणजे मॅन्युअलवर ठेवला, त्यात दुसऱ्याच्या उजेडानं तो पडत नाही. ट्रिगरचं, म्हणजे कॅमेऱ्यावरून फ्लॅशला रेडिओनं इशारा देणाऱ्या यंत्राचं चॅनलही बदललं, कारण शेजारच्याचं तेच चॅनल निघालं की पुन्हा तेच रडगाणं.

पार्ट बदलला नाही, खरं आहे. बिघडलं काय होतं बदलायला? आत वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या आसपास दाब असतो, सेल काढले तरी काही वेळ राहतो. उगाच खोलायची वस्तू नाही ती. खोलून जुनाच बोर्ड "नवा टाकला" म्हणून 1,500 घेणारेही आहेत, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तपासणीचे 300 काउंटरमागं लिहिलेले आहेत, अन् फ्लॅश घेण्याआधी तोंडीही सांगितले होते. तेव्हा तुम्ही "चालते" म्हणाले.

दिग्रसच्या लग्नातून "पुन्हा तेच" म्हणून तुमचा फोन आला. मागं मंगलाष्टकं, धड ऐकू येईना, तरी तुम्हाला डिस्प्ले वाचायला लावला. तुम्हीच वाचलं, एस-वन. बटण बॅगेत दाबलं गेलं की सोबतच्या पोरानं दाबलं, त्यात मी पडत नाही. एमवर आणल्यावर पुढचे फोटो नीट निघाले, हे मात्र रिव्ह्यूत कुठं दिसलं नाही.

यापुढं काय काय तपासलं ते पावतीवर लिहून द्यायचं मनात आहे, लग्नसराई उरकू द्या. ट्रिगरचा एखादा जोड भाड्यानं ठेवता येतो का तेही पाहतो.

तुमचे चार सेल अन् फ्लॅशचं कव्हर इथंच राहिलं आहे. बाजाराचा दिवस सोडून कधीही या, सेल चार्ज करून ठेवले आहेत.