फॉर्म भरणारे डॉक्टर

रविवारी रामबागेत आमच्या मंडळींत हान्स अ‍ॅस्पर्गरवरून वाद पेटला. हा नाझी काळातला व्हिएन्नाचा बालरोगतज्ज्ञ; ऑटिझमच्या 'अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम'ला त्याचंच नाव आहे, आणि अपंग मुलांना मरणाच्या वाटेवर धाडल्याचा आरोपही त्याच्यावर आहे. एक काका म्हणाले, "अगं, हुकूमशाही होती तिकडे. बिचारा डॉक्टर काय करणार?"

हा 'बिचारा' मला पचत नाही.

१९३९च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत फर्मान निघालं: ३ वर्षांखालच्या अपंग मुलांची नावं डॉक्टर आणि सुइणींनी कळवायची. पुढे तीन तज्ज्ञ मूल डोळ्यांनी न बघता कागदावर अधिक किंवा उणे अशी खूण करायचे. अधिक म्हणजे मरण! मोठ्या वयाच्या अपंगांना आणि मनोरुग्णांना मारण्यासाठी 'टी-४' नावाची मोहीम होती. १९४१च्या ऑगस्टपर्यंत तिने ७०,०००हून जास्त माणसं गॅसने मारली. जर्मनीतलेच कॅथलिक धर्मगुरू बिशप गालेन यांनी भर चर्चमध्ये तोंड उघडलं, बोभाटा झाला आणि त्याच महिन्यात गॅस बंद करायचा हुकूम आला. मग वॉर्डांतून उपासमार आणि औषधांचे डोस सुरू झाले. ते देणारे कोण, सांगायला नकोच.

आणि नाही म्हणता येत होतं. ग्यॉटिंगेनचे मानसोपचारतज्ज्ञ एवाल्ड यांना १९४०मध्ये या कामासाठी बोलावलं, त्यांनी नकार दिला. त्यांना ना तुरुंग झाला, ना नोकरी गेली.

अ‍ॅस्पर्गरने व्हिएन्नातल्या 'श्पीगेलग्रुंड'ला, म्हणजे अपंग मुलांना मारलं जायचं त्या दवाखान्यात, मुलं पाठवल्याची कागदपत्रं इतिहासकार हेरविग चेक यांनी २०१८मध्ये छापली. १९४० ते ४५मध्ये तिथे ७८९ मुलं मेली. पण हुशार मुलांची त्याने बाजू घेतली, असं त्याच्या वतीने सांगतात. मला तर खोट तिथेच दिसते. उपयोगी पडेल तेवढं मूल वाचवायचं, हा हिशोब राजवटीचाच होता. माझा भाचा ऑटिस्टिक आहे, बोलत नाही, गणितबिणित काही नाही. त्याच्या कागदावर कुठली खूण पडली असती, ते मला कळतं.

आणि आपल्याकडे? १९९४मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली. कारण काय, तर पाळीची स्वच्छता सांभाळता येत नाही. त्या सर्जनांच्या डोक्यावर कुठल्या हुकूमशहाचं पिस्तूल होतं?

इथे इंदूरातच एका डॉक्टरने भाचा समोर बसलेला असताना ताईला सांगितलं, "याच्यात पैसे घालू नका, दुसऱ्या मुलाचा विचार करा." ताईने डॉक्टर बदलला. नवा फी जास्त घेतो, वेळही खूप लावतो, पण आधी भाच्याशी बोलतो, मग आमच्याशी.