आपण कुणासाठी थांबतो?

गेल्या महिन्यात मी माझाच एक तास मोबाइलवर रेकॉर्ड केला. मी फार भरभर बोलते अशी वर्गाची तक्रार होती, ती खरी का एवढंच पाहायचं होतं. घरी ऐकायला बसले आणि सापडलं भलतंच. पहिल्या बाकावरच्या मुलीला प्रश्न विचारला, ती गप्प. मी थांबले. "आठव, येतंय तुला," म्हणाले. परत थांबले. तिनं उत्तर दिलं. थोड्या वेळानं शेवटच्या बाकावरच्या मुलाला विचारलं. त्यानं "अं…" म्हणायचा अवकाश, मी "बरं, दुसरं कोण सांगेल?" म्हणून मोकळी! तो तुकडा तीनदा ऐकला. त्या "अं" नंतर त्यानं काहीतरी बोलायला सुरुवात केली होती. ते माझ्याच आवाजाखाली दबलंय.

आणि मी स्वतःला समतावादी वगैरे समजते, बरं का.

मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी वर्गांमधल्या रेकॉर्डिंगवरून हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात. त्यातही हुशार मानलेल्या मुलांसाठी जास्त, कच्च्या मानलेल्यांसाठी कमी. हीच वेळ ३ सेकंदांवर नेली, तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारीही बोलू लागतात.

प्रिव्हिलेज, म्हणजे आपल्याला नकळत मिळालेली सवलत, हा शब्द काढला की लोक उखडतात. "आम्हाला काय फुकट मिळालं का?" नाही मिळालं. त्या मुलीनं अभ्यास केला होता म्हणूनच तिला उत्तर आलं. पण तिच्यासाठी कुणी थांबलं, हे तिच्या लक्षात यायचं काही कारणच नाही. शाळेत मीही पहिल्याच बाकावर असायचे. माझ्याही कधी लक्षात आलं नाही.

कॉलेजात असताना मी दोन वर्षं एका हॉटेलात वेटरचं काम केलं. चुटकी वाजवून बोलावणारे, माझ्याकडे न बघता ऑर्डर सांगणारे, सगळे पाहिले. त्याच्या कहाण्या मी आजवर हिरिरीनं सांगत आलेय. दुसरी बाजू मात्र सांगायची राहते. दारातून माणसं आत आली की कपडे, बोलणं, चपला बघून टिप किती मिळेल याचा अंदाज आम्ही आधीच बांधायचो. "हे काही देणार नाहीत" असं ठरलं की त्या टेबलावर पाणी उशिरा, मेनूकार्ड नुसतं टाकलेलं, हसणं तर नाहीच. मग ते खरंच काही न ठेवता जायचे. आणि आम्ही एकमेकींना म्हणायचो, "बघ, म्हटलं नव्हतं?"

१९६४-६५ मध्ये रोझेन्थाल आणि जेकबसन या संशोधकांनी अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेत काही मुलं कसलाही निकष न लावता निवडली आणि शिक्षकांना सांगितलं की ही यंदा झेप घेणार. वर्षअखेरीस खालच्या इयत्तांतल्या अशा मुलांचे बुद्ध्यंक इतरांपेक्षा जास्त वाढलेले दिसले. पुढे या प्रयोगावर भरपूर टीका झाली, परिणाम इतका मोठा नसतो असंही दिसून आलं. असेल. आमच्या टेबलांवर मात्र तो रोज दिसायचा.

एप्रिल २०१८ मध्ये फिलाडेल्फियातल्या स्टारबक्समध्ये दोन कृष्णवर्णीय तरुण कुणाची तरी वाट बघत बसले होते. काही मागवलं नव्हतं. ते आल्यापासून दोनेक मिनिटांतच मॅनेजरनं पोलिसांना फोन लावला आणि त्यांना बेड्या घालून नेलं. दोन मिनिटं! हॉटेलात मित्राची वाट बघत मी अर्धा अर्धा तास बसले आहे, काहीही न मागवता, आणि मला "अजून कुणी यायचंय का, मॅडम?" एवढंच विचारलं गेलंय. पुढे कंपनीनं अमेरिकेतली ८,००० हून अधिक दुकानं २९ मे रोजी दुपारी बंद ठेवून कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं. चांगलं केलं, पण एका दुपारीत अशी सवय जाते यावर माझा विश्वास नाही. माझी तर स्वतःच्या कानांनी ऐकूनही जात नाहीये.

सध्या चिठ्ठ्या करते. नाव निघेल त्याला प्रश्न, आणि मनात आकडे मोजायचे. काल नेमकी त्याच मुलाची चिठ्ठी निघाली. एक, दोन, तीन. तो गप्प. चार, पाच. जीभ नुसती शिवशिवत होती. पहिल्या बाकावरून हात वर आला, तिचाच. मी तिला खुणेनंच थांबवलं.

तो म्हणाला, "मॅडम, प्रश्न परत सांगता?"